दरवानाची पत्रं

...छे छे, आभार कसले मानताय, ताई, बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय लंगडा आहे, मला तिची सवय झालीय, कुठे टेकायचं नि कुठे नाही ते कळतं — तुम्ही पलंगावरच बसा, हे कपडे मी बाजूला करतो, घड्या घालायच्या राहिल्यात. ऐकू येतंय ना माझं? नाही, घसा बसलेला नाही, आवाजच असा आहे, सांगतो का ते. तर हे बघा, आल्यापासून तुम्ही तीनदा म्हणालात — तुमच्यामुळे माझी मुलगी सापडली, तुमच्यामुळे सापडली. बुधवारी शाळा अर्धा दिवस होती, बाराला सुटली, ती रांगेतून निसटली, आणि दीडच्या आत परत शाळेत होती. आणि सापडली म्हणजे तरी काय, मी चहाच्या दुकानातून बाहेर पडलो, समोर बंद नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर पोर बसलेली दिसली, हात धरला आणि शाळेत आणून सोडली. पाच मिनिटांची गोष्ट. कुणीही केली असती. आणि मोठ्या बाईंनी मला 'आता गुरुवारी येऊ नका' म्हणून सांगितलं, त्याबद्दल तुम्ही त्यांच्याशी बोलणार म्हणता — कशाला? त्यांचं बरोबर आहे. चौतीस पोरांची जबाबदारी आहे त्यांच्यावर. म्हणजे एका वर्गाची चौतीस, सगळ्या शाळेची किती ते तुम्हीच बघा. चहा घेणार? नको? बरं. माझाही झालाय आत्ताच.

नाही, मी शिक्षक नाही, कधीच नव्हतो, कुणी सांगितलं तुम्हाला? मी प्रॉम्प्टर. नाटक चालू असताना पडद्याआड वही घेऊन बसायचं, एखादं पात्र वाक्य विसरलं की पुढचे दोन शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचे — त्याच्या कानापर्यंत, पहिल्या रांगेच्या नाही, यात सगळी कला. अडतीस वर्षं तेच केलं. मोठमोठे लोक माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिलेत, ताई, राजाचा पोशाख घालून. आणि नुसती वही वाचून चालत नाही बरं का, पात्र मुद्दाम थांबलंय की अडकलंय हे ओळखावं लागतं, मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर तो मध्यंतरात येऊन खायला उठतो. तर अडतीस वर्षं कुजबुजल्यावर आवाज हा असा होतो. बायको म्हणायची, अहो, घरात तरी मोठ्यानं बोला, मला वाटतं शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. चार वर्षं टिकली बिचारी. तिचा काही दोष नाही, ती आता दुसरीकडे आहे, तिचं छान चाललंय, नातवंडं आहेत असं ऐकतो. मग नाट्यगृह बंद झालं. छपराची दुरुस्ती म्हणाले, सहा महिने म्हणाले, त्याला आता तीन वर्षं होतील. मी रोज समोरच्या दुकानात चहाला जातो. पायांना तोच रस्ता माहीत आहे, दुसरं काही नाही.

तर वर्गाच्या बाई — तिसरीच्या, तुमच्या मुलीच्या, त्या उंच, सतत हाताला खडू लागलेला असतो त्या — एकदा मला त्या दुकानात शोधत आल्या. म्हणाल्या, मला पोरांना जुनी नाटकं दाखवायचीत, पुस्तकं कुठेच मिळत नाहीत, तुमच्याकडे वह्या असतील. वह्या होत्या, त्या काय, त्या कपाटात अजून आहेत, एकोणतीस नाटकं, समासात माझ्या खुणा. मी म्हटलं, वह्या कशाला, मीच येतो. म्हणजे आधी मी नाही म्हणालो, त्या गेल्यावर रात्रभर तळमळलो, आणि सकाळी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो — तुम्ही हसताय, हसा, मलाही आता हसू येतं. दाढी करून, बूट पुसून, काखेत वही. दर गुरुवारी शेवटचे दोन तास, असं ठरलं.

पहिल्या गुरुवारी माझी जी फजिती झाली ती सांगतो. मी टेबलामागे उभा राहिलो आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. अंक पहिला, प्रवेश पहिला, राजवाड्याचा सज्जा. माझ्या मते झकास वाचत होतो. दहाव्या मिनिटाला पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं, आजोबा, हे किती पानांचं आहे? एक लघवीला गेला. त्याचं बघून चौघं गेले. खिडकीपाशी एक जण चक्क घोरत होता, आठ वर्षांचं पोर, आणि घोरणं बापासारखं. मी वाचतच राहिलो. घाम फुटला तरी वाचत राहिलो, कारण थांबल्यावर काय करायचं तेच मला माहीत नव्हतं. बाई मागे उभ्या होत्या. पोरांसमोर एक शब्द बोलल्या नाहीत. घंटा झाल्यावर मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, काका, तुम्ही त्यांना नाटक वाचून दाखवू नका, नाटकात घेऊन जा. म्हटलं, म्हणजे काय करू? म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी बाकं हलवूया.

आणि हलवली. कोणतं नाटक ते तुम्हाला घरी कळलंच असेल, की नाही बोलली? दोन भावांचं. दोघं राजे, एकच राजवाडा, भांडण होतं आणि वाड्याच्या मधोमध भिंत घालतात. वीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भिंतीला एक दार, दारात एक दरवान, आणि जे काय बोलायचं ते त्याच्यामार्फत. पाच अंक, भाषा अशी की मोठ्यांचे दात पडतील. आणि बाईंनी काय केलं — तिसरीच्या वर्गाच्या मधोमध बाकं उलटी करून रचली, भिंत. सतरा पोरं इकडे, सोळा तिकडे. मध्ये एका बाकाची फट, ते दार. नियम एकच, संपूर्ण तास पलीकडच्याशी बोलायचं नाही, बघायचं नाही, काही हवं असेल तर दरवानाला सांगायचं. आणि दरवान कोण? चिठ्ठी काढली, तुमची मुलगी निघाली. तिला वर्गात प्रश्नपत्रिका म्हणतात, माहीत आहे ना तुम्हाला? सारखी विचारत असते म्हणून. त्या दिवशी तिला विचारायला उसंतच मिळाली नाही. इकडच्यांचा खोडरबर तिकडे, तिकडच्यांची पट्टी इकडे. जिवलग मैत्रिणी दोन बाजूंना पडल्या होत्या, त्या रडकुंडीला आलेल्या, दरवान, तिला सांग मी रागावले नाही. दरवान, त्याला सांग की तो गाढव आहे. दरवान, त्याला सांग की गाढव तो आणि त्याचा राजा. आणि ही पळतेय आपली, प्रत्येक निरोप पोचवून परत दारात येऊन उभी, आणि दर वेळी नाटकातलं ते वाक्य — दरवानाला सगळ्या नाटकात एकच वाक्य आहे, 'निरोप पोचला, महाराज.' सतरा वेळा येतं. एकदाही चुकली नाही. मी कोपऱ्यात बसलो होतो, ओठ हलत होते माझे, पण शब्द द्यायची गरज पडली नाही.

मग काय, दर गुरुवारी नवीन काहीतरी. एकदा पुतळे — सगळ्यांनी एका प्रसंगात गोठून उभं राहायचं, मी खांद्याला हात लावला की त्या पुतळ्यानं मनातलं बोलायचं. थोरल्या राजाचा पुतळा म्हणाला, मला भूक लागलीय आणि माझा भाऊ छान स्वयंपाक करायचा. हे नाटकात कुठेही नाही, ताई, पण अडतीस वर्षांत एकाही नटाला ते सुचलं नव्हतं. एकदा जुन्या शिव्यांचे दोन डबे, एका डब्यातून एक शब्द, दुसऱ्यातून दुसरा, जोडायचे आणि छाती काढून म्हणायचे — 'अरे मुळमुळीत मुकुटा', 'अरे गंजक्या गर्भश्रीमंता' — शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले काय चाललंय म्हणून. नाट्यगृहातला ढगांच्या गडगडाटाचा पत्रा मी पहारेकऱ्याच्या हातापाया पडून काढून आणला होता, तो हलवायला रांग लागायची. बुटांच्या खोक्यात रंगमंच बनवले. तुमच्या घरी आहे का तिचं खोकं? तिनं त्यात दोन्ही राजे केलेच नाहीत, नुसतं दार केलं होतं, आणि दाराशी एक बुटकं स्टूल. मी विचारलं, यावर कोण बसतं? म्हणाली, कुणीच नाही, त्याला बसायला वेळ कुठे असतो.

आणि मग पत्रं. कल्पना बाईंची. पुठ्ठ्याची टपालपेटी केली, लाल रंगवली, वर्गाच्या दाराशी टांगली. नाटकातल्या कुठल्याही पात्राला पत्र लिहा, उत्तर येईल. उत्तरं मी लिहायची, कारण ती भाषा माझ्या तोंडी बसलेली, आणि बाई ती वाचून मग वाटायच्या. बहुतेक पत्रं राजांना. महाराज, तुमचा मुकुट किती किलोचा आहे. महाराज, तुम्ही भावाला सॉरी का म्हणत नाही, मी काल म्हटलं, काही होत नाही. एकानं भिंतीलाच पत्र लिहिलं होतं, तुझ्यावर पाली आहेत का. आणि तुमच्या मुलीचं, दरवानाला. हे काय, इथेच आहे, वाचतो — 'प्रिय दरवान काका, शेवटी भिंत पाडली आणि सगळ्यांना काहीतरी मिळालं. माळ्याला पण बाग मिळाली. पण भिंत पाडली म्हणजे दार पण पाडलं ना? मग तुम्ही कुठे गेलात? आणि आधी तुम्ही जेवायला कोणत्या बाजूला बसायचात?'

मी ते नाटक एकशे बारा वेळा केलंय. पडदा पडताना सगळे मिठ्या मारतात, वरून फुलं पडतात, आणि दरवान विंगेत उभा असतो, म्हणजे तो नट तोवर कपडे बदलून घरी जायला निघालेला असतो. एकशे बारा वेळा माझ्या शेजारून गेला असेल तो, आणि मला कधी वाटलं नाही की याचं काय झालं ते विचारावं.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. बाकीच्या तेहतीस जणांना एका बैठकीत लिहिली. तिला लिहिलं — 'कन्यके, दरवान दारातच जेवतो, उभ्यानं, कारण एका बाजूला बसला तर दुसरी बाजू रागावते.' बाईंनी वाचलं, म्हणाल्या, छान आहे, काका, थोडं उदास आहे, पण छान आहे. तिचं पुन्हा पत्र आलं. पुन्हा उत्तर. बाकीची पोरं दोन आठवड्यांत कंटाळली, पोरंच ती, बाईंनी दुसरं नाटक घेतलं, चोरांचं आणि न्यायाधीशाचं, त्यात ती रंगली. तुमची मुलगीही खेळायची सगळ्यांबरोबर, नाही असं नाही. पण पेटीत दर गुरुवारी एक पत्र असायचंच. मग बाईंचे दिवस भरत आले, त्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी ज्या आल्या त्या म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा, मला गणित संपवायचंय. पेटी तिथेच राहिली. आता उत्तरं वाचणारं मध्ये कुणी नव्हतं. मी ती पेटीतच टाकायचो, ती पेटीतून काढून घ्यायची. अकरा पत्रं झाली. तिची अकरा आणि माझी — माझी अकराहून थोडी जास्त असतील.

नाही, तसलं काही नाही हो त्यात, तुम्ही सगळी वाचा, मी काढूनच ठेवलीत, घेऊन जा. मोठ्या बाईंनी वाचलीत. त्यात काही वाईट नाही असं त्याही म्हणाल्या. पण म्हणाल्या, काका, ही पत्रं आठ वर्षांच्या मुलीला लिहायची नाहीत. आणि मी म्हटलं, हो. कारण दरवान काय लिहीत होता — दाराला गंज चढलाय. आता कुणी निरोप घेऊन येत नाही. दिवसभरात एक शब्द बोललो नाही, संध्याकाळी शिंक आली तेव्हा स्वतःचा आवाज ऐकला. असलं. ती विचारायची, तुम्ही आज काय केलंत, दरवान काका? हे असं विचारतं का हो कुणी? आज काय केलंत म्हणून? तुम्ही रोज विचारत असाल तिला, शाळेतून आली की, तिथूनच शिकली असेल. मला सवय नव्हती. मी बुधवारपासूनच विचार करायला लागायचो की या आठवड्यात दरवानानं काय केलं. कधी कधी काहीतरी लिहिता यावं म्हणून मुद्दाम काहीतरी करायचो. नदीपर्यंत चालत गेलो एकदा. तिला लिहायला म्हणून.

मग मला ताप आला, मागच्या महिन्यात. दोन गुरुवार चुकले. तिसऱ्या गुरुवारी गेलो तर पेटीत तिची तीन पत्रं — 'तुम्ही कुठे आहात', 'तुम्ही कुठे आहात', आणि तिसऱ्यात नुसतं एक दार काढलेलं. आणि मी — इथे माझं चुकलं, ताई, हे मी मोठ्या बाईंनाही सांगितलंय — मी लिहिलं की दरवान आजारी आहे. त्याच्याकडे कुणी येत नाही. खायला करायचा कंटाळा येतो. आणि तिनं आधी विचारलं होतं की भिंत पाडल्यावर तुम्ही राहता कुठे, त्याचंही उत्तर त्यातच दिलं. मनानं काहीतरी रचायला हवं होतं, डोंगर, किल्ला, काहीही. पण मी लिहिलं ते हिरवं लोखंडी दार, रंग उडालेलं, पाच पायऱ्या, शेजारी वाकलेला दिव्याचा खांब. नाट्यगृहाचं मागचं दार. अडतीस वर्षं मी तिथून आत गेलो, दुसरं कुठलं दार मला लिहिता येणार? आणि तुमची बस तर रोज त्याच रस्त्यानं जाते, हे मला कुठे माहीत होतं. हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं.

म्हणून ती गेली. घरून डबा घेऊन आलेली, शाळेत खाल्लाच नाही तिनं तो. एक उकडलेलं अंडं आणि कागदाच्या पुडीत मीठ. आजारी माणसाला म्हणून. रांगेतून निसटली, दोन चौक ओलांडले — ते ट्रक जातात तो चौकसुद्धा — आणि येऊन पायरीवर बसली. पाठीला दप्तर तसंच, डबा मांडीवर. आधी तिसऱ्या पायरीवर होती, मग ऊन अंगावर यायला लागलं तशी चौथीवर सरकली, मग पार वर दाराला टेकून, तिथे सावली असते एकपर्यंत...

हो.

हो, तसं ते ऊन सरकायला वेळ लागतो. बरोबर आहे तुमचं.

नाही, थांबा, सांगतो. पाच मिनिटं म्हणालो मी मघाशी. मोठ्या बाईंनाही तेच सांगितलं, आणि त्यांनी लिहून घेतलं, आणि तुम्ही आभार मानायला आलात, एवढ्या दुपारी, औषधांच्या दुकानातून सुट्टी काढून. तुम्ही त्या दिवशीही त्या पांढऱ्या कोटातच धावत आला होतात. एका चपलेचा अंगठा तुटलेला, ती हातात घेतलेली. मी बघितलं ना, शाळेच्या फाटकाशी. मला वाटलं होतं विसरेन, पण ती हातातली चप्पल काही डोळ्यांसमोरून जात नाही.

ती आली तेव्हा साडेबारा वाजले होते. मी आतल्या टेबलापाशी होतो, काचेतून समोरचं सगळं दिसतं. मी तिला लगेच ओळखलं. उठलोही. खुर्ची मागे सरकवली, आणि परत बसलो. म्हटलं, बघू तरी कुणाकडे आलीय. माहीत होतं कुणाकडे आलीय. डब्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. रस्त्यानं एक माणूस शिडी घेऊन चालला होता, ती उठून उभी राहिली. तो गेला, बसली. मग एक म्हातारा आला, काठी टेकत, तेव्हा तर ती दोन पायऱ्या खाली उतरली, त्याच्या तोंडाकडे बघत, त्यानं बघितलंसुद्धा नाही. परत वर. प्रत्येकाला वाटत असेल, काय गोड पोर आहे, आजोबांची वाट बघतेय. मी दुसरा चहा सांगितला. ताई, मला तो चहा प्यायचाही नव्हता. मी काय सांगू तुम्हाला — त्या पायऱ्यांवर मी हजारो लोकांना थांबलेलं बघितलंय, नटांसाठी, नट्यांसाठी, फुलं घेऊन, वह्या घेऊन, आणि मी त्यांच्यातून वाट काढत जायचो, जरा सरकता का, जरा सरकता का. आणि त्या दिवशी कुणीतरी माझ्यासाठी बसलं होतं. म्हणजे दरवानासाठी. पण तो मीच ना. मी तिथे गेलो असतो तर ती म्हणाली असती, अरे, गुरुवारचे आजोबा, तुम्ही इथे कसे, आणि माझ्या मागे बघायला लागली असती, दरवान येतोय का ते. म्हणून बसून राहिलो. आणखी दोन मिनिटं, आणखी दोन मिनिटं, असं. पाऊण तास.

नाही, तुम्ही शोधत असाल हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. शाळा कधी सुटते मला माहीत होतं. एवढं पोर एकटं आलंय म्हणजे कुणीतरी कुठेतरी धावत असणार, हे कळायला काय लागतं. दुकानदारही म्हणाला, ती पोर एकटी दिसतेय हो. मी म्हटलं, येईल कुणीतरी. असं म्हणालो मी. येईल कुणीतरी.

मग तिला भूक लागली. डबा उघडला, बघितलं, बंद केला. परत उघडला. अंडं सोललं, अगदी हळू, टरफलं झाकणात ठेवली, आणि दातांनी तोडलं असतं तर वाकडं तुटलं असतं म्हणून असेल, पट्टी काढली दप्तरातून आणि पट्टीनं अर्धं केलं. आपलं अर्धं खाल्लं, मीठ लावून. दुसरं अर्धं परत डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून लावलं. तेव्हा मी उठलो. तेव्हा नाही बसवलं.

गेलो तर म्हणाली, आजोबा, इथला दरवान कुठे गेला? मी म्हटलं, त्याची बदली झाली. कुठे? लांब. बरा झाला का? म्हटलं, हो, अगदी ठणठणीत. तर तिला जरा रागच आला, म्हणाली, मग सांगायचं ना. आणि मग डबा माझ्या हातात दिला, तुम्हाला भेटला तर द्या. आणि हात धरून चालायला लागली. वाटेत सगळा वेळ न्यायाधीशाच्या नाटकाबद्दल बोलत होती, तिला चोर व्हायचंय त्यात.

ते अर्धं मी खाल्लं. घरी येऊन. टाकवलं नाही.

नाही, काही बोलू नका. रडू तर अजिबात नका, मला कळत नाही अशा वेळी काय करायचं ते. बसा म्हणू की — नाही, उठलात ते बरोबर केलंत. पत्रं त्या पिशवीत आहेत, तिचीही आणि माझीही, माझ्या जुन्या वहीतल्या पानांवर लिहिलीत, मागच्या बाजूला नाटक आहे, तिकडे लक्ष देऊ नका. डबा त्याच पिशवीत तळाशी आहे, घासलाय. मोठ्या बाईंना माझ्याबद्दल सांगायचं तर आता हे सगळं सांगा, अर्धं नको. तुम्ही त्यांच्याकडे माझी रदबदली करायला निघाला होतात, आणि मला वाटत होतं की करू द्यावी. तिला एवढंच सांगा, दरवान तिकडे चांगला रमलाय, पत्रं लिहायला त्याला वेळ होत नाही. माणसं आहेत त्याच्याकडे पुष्कळ. हे तुम्ही सांगा, तुमच्या तोंडून. मी आता काही लिहिणार नाही.

पावणेचार झाले, ताई. शाळा सुटेल. आज फाटकाशी तुम्हीच जाणार ना, की आजी? तुम्हीच. मग निघा. ट्रकवाल्या चौकात सिग्नल लवकर सुटत नाही, पाच-सात मिनिटं जातात. दार नुसतं ओढून घ्या. जा तुम्ही, तिला थांबायला लावू नका.